मार्चपर्यंत थांबू की आत्ताच घेऊ? पिठाच्या हाताने उघडेल असा फोन हवाय

पोळीवाली_सुदामानगर
नमस्कार मंडळी. मी इंदूरची, सुदामा नगरात राहते. घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. संक्रांतीला गुळपोळी, होळीला पुरणपोळी, एरवी लोक मागतील ते. सगळा कारभार फोनवर. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, पैसे यूपीआयवर, आणि पोळीचा फोटो स्टेटसवर टाकला नाही तर गिऱ्हाइकांना वाटतं मी गावाला गेले.

अडचण अशी की फोन चार वर्षांचा झालाय आणि त्याच्या स्क्रीनमधल्या सेन्सरला माझा अंगठा ओळखू येत नाही. कणीक तिंबून तिंबून अंगठ्यावरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात, त्यात हात कायम ओला नाहीतर पिठाचा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तव्यावर पोळी होती आणि मेसेज आला, "चाळीस नको, साठ करा." उत्तर द्यायला अंगठा लावला. नाही. पदराला पुसून लावला. नाही. पाचव्यांदा चुकल्यावर फोनच म्हणतो, तीस सेकंदांनी या. शेवटी करंगळीचं पेर वाकवून पॅटर्न काढला. तोवर पोळीतला गूळ बाहेर येऊन तव्यावर काळा झाला होता आणि स्क्रीनवर कणकेची करंगळीभर रेघ.

मोठा मुलगा म्हणतो, सॅमसंगच्या ए ३६ च्या पुढचा मार्च २०२६ मध्ये येईल, त्यात महागड्या फोनांसारखा अल्ट्रासोनिक सेन्सर असेल, थांब. पण होळी मार्चच्या सुरुवातीलाच आहे. त्यात खरंच काय काय येईल? थांबावं का?

बजेट २५ हजार, फार ओढलं तर २७. गेम खेळत नाही. जुन्या फोनमधलं मेमरी कार्ड फोटोंनी भरलंय, ते चाललं तर बरं. कृपया लाखाचे फोन सुचवू नका.

टेक_भिया
ताई, सॅमसंगचाच एस २५ अल्ट्रा. डोळे मिटून. सेन्सर अल्ट्रासोनिक, ओल्या हाताने उघडतो, मी स्वतः वापरून राहिलो आहे. एकदाच खर्च होतो, सात वर्षं अपडेट येतात. महिन्याचा हिशोब काढा, काहीच नाही.

पोळीवाली_सुदामानगर
भाऊ, शेवटची ओळ वाचलीत का?

टेक_भिया
ईएमआयवर घ्या ना.

रामबागकर
मुलाला सांगा, मार्चवर भरवसा ठेवायला हरकत नाही, वैशिष्ट्यांवर ठेवू नको. ही मालिका मी दरवर्षी बघतो. ए ३४ आला मार्च २०२३ मध्ये, ए ३५ मार्च २०२४, ए ३६ मार्च २०२५. तेव्हा पुढचाही त्याच सुमारास येईल असं धरायला जागा आहे. पण तीन वर्षांत बदललं काय ते बघा. बॅटरी ५००० एमएएच, ५००० एमएएच, ५००० एमएएच. वाइड कॅमेरा तिन्हींत ८ मेगापिक्सेल. अगदी जवळून फोटो काढायचा मॅक्रो तिन्हींत ५, तो बहुधा तीळ मोजायला ठेवलाय. ए ३६ मध्ये चार्जिंग २५ वॉटवरून ४५ वर नेलं आणि त्याच वेळी मेमरी कार्डाचा खाचा काढून घेतला. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्याने नेलं.

किंमत लाँचच्या वेळी ३०,९९९, पुन्हा ३०,९९९, मग ३२,९९९. तुमचं बजेट २५. तेव्हा तो आला तरी तुमचा नाही.

अल्ट्रासोनिक या दरात देतील असं मला वाटत नाही. तो त्यांनी २०१९ च्या एस १० पासून वरच्या मालिकेत राखून ठेवलाय. खाली दिला तर वरचा कोण घेईल?

जेलरोडवर_रोज
रामबागकर काका, तुम्ही मागचं बघून पुढचं सांगता. या वेळी ७००० ची बॅटरी येणार आहे, मी लीक पाहिलंय. कार्डपण परत येणार. आणि अल्ट्रासोनिक पक्का.

रामबागकर
कुठे पाहिलंत?

जेलरोडवर_रोज
व्हिडिओत. पूर्ण फोन दाखवलाय, सगळ्या बाजूंनी.

रामबागकर
ते कंप्युटरवर काढलेलं चित्र असतं हो. कव्हर बनवणाऱ्यांना माप मिळतं, त्यावरून कुणीही फोन रंगवतो. चित्रावरून कॅमेऱ्याची भोकं किती ते कळेल, बॅटरी किती ते कसं कळेल? हल्लीच्या ७००० वाल्या बॅटऱ्या बहुतेक सिलिकॉन-कार्बनच्या, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त वीज साठवणाऱ्या, त्या सध्या चिनी कंपन्या देतात. सॅमसंग त्या बाबतीत संथ आहे.

मार्चची_वाट
मी २०२३ पासून थांबलोय. ए ३४ आला तेव्हा म्हटलं पुढचा येऊ दे. ए ३५ आला तेव्हा लोक म्हणाले ३६ मध्ये चार्जिंग वाढणार. वाढलं, पण कार्ड गेलं, म्हणून ३७ ची वाट बघतोय. माझा सध्याचा फोन चार्जरला लावलेला असला तरच चालू राहतो, तसा ठीक आहे. ताई, थांबा. घाई करू नका.

पेन्शनर_काका_टिळकनगर
सौ. ताईंस, अंगठ्याचा हा त्रास फक्त तुम्हाला नाही. मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो तर मशीनवर माझा अंगठा लागेना. बाई म्हणाल्या, काका, दुसरं बोट लावा. दहाही बोटं झाली. मी समोर उभा, माझी सही तीस वर्षं त्यांच्या दप्तरी, पण मशीन म्हणतं तुम्ही नाही. शेवटी नातवाने घरी फोनवर चेहरा दाखवून दाखला काढून दिला. ही चेहऱ्याची सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे म्हणे, मला बँकेत कुणी सांगितली नव्हती. तरी तुम्हीही चेहऱ्याने उघडणारा फोन घ्यावा.

पोळीवाली_सुदामानगर
काका, नमस्कार. चेहऱ्याचं लावून पाहिलं. दिवसा उघडतो. पण पहाटे साडेचारला पुरण शिजत असतं, स्वयंपाकघरात वाफ, डोक्याला फडकं बांधलेलं, चष्म्यावर धुकं. तेव्हा आमचे हेसुद्धा मला ओळखत नाहीत.

बडोदेकरीण
मी बडोद्याहून. माझं शिवणकामाचं दुकान आहे, माझ्याही बोटांचं हेच. एक करून बघा. बोट नोंदवताना आपण हात स्वच्छ धुऊन, कोरडा करून, देवाला नैवेद्य दाखवल्यासारखं लावतो. आणि वापरताना बोट असतं कसं? ओलं. म्हणून एकदा जसं असतं तसंच, काम करताकरता नोंदवा. तोच अंगठा दोनदा नोंदवायचा, एकदा कोरडा, एकदा जरा ओलसर. माझं निम्मं काम झालं. आणि कमी वापराचं बोट निवडा, डाव्या हाताची अनामिका. तिला आयुष्यात काही काम नसतं.

ता. क. तुम्ही पुरण हरभऱ्याच्या डाळीचं करता ना? इथे वेढमी तुरीच्या डाळीची करतात. आधी नाक मुरडलं होतं, आता आवडते.

देवासचा_दीपक
तुरीच्या डाळीचं पुरण म्हणजे गोड वरण.

बडोदेकरीण
खाल्लंत का कधी?

देवासचा_दीपक
नाही. खायची गरज काय?

पोळीवाली_सुदामानगर
आमच्याकडे हरभऱ्याचीच. निम्मे लोक गूळ मागतात, निम्मे साखर. जुनी घरं गुळाची. आणि कट फेकत नाही, आमटीचा डबा वेगळा विकते. पण मंडळी, फोन.

पुणेरी_शंका
विषयाशी संबंध नाही, पण "वापरून राहिलो आहे" हे कुठलं मराठी?

टेक_भिया
इंदूरचं. होळकरांच्या वेळेपासून चालून राहिलं आहे. काही त्रास?

पुणेरी_शंका
त्रास नाही. फक्त विचारलं.

इलेक्ट्रॉनिक्सवाला_पलासिया
सगळे अल्ट्रासोनिक अल्ट्रासोनिक करतायत, कुणी सांगत नाही ते काय आहे. थोडक्यात सांगतो, मग निर्णय तुमचा.

स्क्रीनमधला साधा सेन्सर ऑप्टिकल असतो. बोटाखालची स्क्रीन झगमगते आणि खालून बोटाचा फोटो निघतो. रेषा झिजल्या असतील, त्वचा कोरडी असेल, वर पीठ असेल, तर फोटोच फिका येतो. तुमचा बहुतेक हाच. बाजूच्या पॉवर बटणात असतो तो कपॅसिटिव्ह. तो रेषेचे उंचवटे आणि मधल्या चऱ्या विजेच्या भारावरून ओळखतो. झिजलेल्या बोटाला तो बराच समजूतदार, पण पाण्याने भिजलेल्या बोटाला कच्चा, कारण पाणी चऱ्यांत शिरलं की त्याला सगळं सपाट वाटतं. अल्ट्रासोनिक आवाजाच्या लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून रेषांचा उठाव बघतो. ओल्या बोटाला हाच चांगला. ए ३६ आणि ए ५६ मध्ये ऑप्टिकल आहे, एस मालिकेत अल्ट्रासोनिक.

पण कणकेचा थर असेल तर तिन्ही आंधळे. कणकेला रेषा नसतात.

स्क्रीनगार्ड_पुराण
अल्ट्रासोनिकवाल्यांनी एक लक्षात ठेवा. रस्त्यावरचा शंभर रुपयांचा जाड टफन लावला की काचेखाली हवा राहते आणि लहरी तिथेच अडतात. २०१९ मध्ये एस १० चं उलटं झालं होतं, एक जेलचं कव्हर लावलं की कुणाच्याही बोटाने फोन उघडायचा. कंपनीला अपडेट द्यावं लागलं. तेव्हा महाग म्हणजे निर्दोष असं नाही.

मी टफन लावतच नाही. आठ वर्षांत एकदाही काच फुटली नाही.

जेलरोडवर_रोज
आता फुटेल.

मांडणी_बदला
मूळ प्रश्न फोनचा नाहीच, तो सारखा उघडावा का लागतो हा आहे. सेटिंगमध्ये एक्स्टेंड अनलॉक म्हणून सोय असते, पूर्वी तिला स्मार्ट लॉक म्हणायचे. घराचं ठिकाण विश्वासाचं म्हणून टाकलं की घरात असेपर्यंत काही तास फोन उघडा राहतो. सध्याच्या फोनवरही चालेल, खर्च शून्य.

दुसरं, फोन उचलायला स्क्रीनवर बोट ओढू नका. सॅमसंगमध्ये कॉलच्या सेटिंगमध्ये आवाज वाढवायच्या बटणाने फोन उचलायची सोय आहे. कोपराने दाबा.

टेक_भिया
हे सगळं जुगाड आहे. ए ५६ तरी घ्या. ४१,९९९ ला आला होता, आता उतरला असेल.

पेन्शनर_काका_टिळकनगर
पैसे घेण्यासाठी कुणी कोड स्कॅन करा, पिन टाका म्हणालं तर टाकू नका. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. आमच्या शेजारच्यांचे असेच गेले. सांगायचं राहिलं होतं म्हणून लिहिलं.

पोळीवाली_सुदामानगर
काका, लाख मोलाचं. दरवाज्यावर कोडचा कागद चिकटवलाय, त्यापलीकडे मी जात नाही.

एक्स्टेंड अनलॉक लावून बघितलं. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी धाकट्याने माझ्या स्टेटसवर स्वतःचा चष्म्यातला फोटो टाकला आणि खाली लिहिलं "भाईचा जलवा". सकाळपासून गिऱ्हाइकं विचारतायत, पोळी कुठे आहे. बंद केलं.

अनामिकेचं मात्र चाललं. दहातून सहा वेळा उघडतो. आधी दोनदा उघडायचा.

रामबागकर
मग थांबा की. आता तर घाई नाही.

दुकान_बंद_केलेला
थांबून स्वस्त मिळेल या भ्रमात राहू नका. मी पंधरा वर्षं मोबाइल विकले. पूर्वी नवा आला की जुना उतरायचा, हे खरं. पण सध्या मेमरीच्या चिपांचे भाव चढलेत, एआयच्या सर्व्हरवाल्यांनी माल उचललाय. पुढचा फोन महागच होणार, नाहीतर त्याच भावात रॅम कमी देणार. नव्याची वैशिष्ट्यं काय असतील यापेक्षा त्यातून काय काढलं जाईल याचा अंदाज बांधा. हेडफोनचं भोक गेलं, डब्यातला चार्जर गेला, कार्ड गेलं.

आणि ए २६ घेऊ नका. तो ३६ चा धाकटा, प्रोसेसर मागच्या पिढीचा, सेन्सर बाजूच्या बटणात. हल्ली बाजूला सेन्सर कोण वापरतं? २५ मध्ये चिनी घ्या, दुप्पट मिळतं.

जेलरोडवर_रोज
ए २६ नकोच. २६ घेणं म्हणजे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन उपमा खाणं.

टेक_भिया
याच्याशी सहमत. २६ नको.

मार्चची_वाट
२६ नको. थांबा.

पुणेरी_शंका
२६ मी वापरतो. ठीक आहे.

पोळीवाली_सुदामानगर
मंडळी, घेतला. सांगते कसा ते.

काल दुपारी मुलाला घेऊन जेल रोडला गेले. निघताना स्टीलच्या छोट्या डबीत कणकेचा गोळा घेतला, वरून ओलं फडकं. मुलगा म्हणाला, आई मी तुझ्यासोबत नाही. दुकानदाराला म्हटलं, भैया, फोन दिखाओ, लेकिन उंगली मेरी लगेगी. त्याला वाटलं चालू करून बघायचाय. मी डबी उघडली, दोन मिनिटं कणीक मळली, हात फडक्याला पुसले, घरी पुसते तसेच, म्हणजे अर्धवट. म्हणतो, "आंटी, ये क्या हो रहा है?" पण माणूस चांगला होता. तीन डेमो फोनांत माझी बोटं नोंदवून दिली आणि शेजारच्या दुकानातली दोन पोरं बघायला उभी राहिली.

स्क्रीनमध्ये साधा सेन्सर असलेला, ज्याच्यासाठी सगळे भांडत होते त्या जातीचा, दहातून तीन वेळा उघडला. अल्ट्रासोनिकवाला महागडा नऊ वेळा. टेक भिया, तुमचं खरं आहे, मी पाण्यात बोट बुडवून लावलं तरी उघडला. किंमत ऐकली आणि काचेवरचे पिठाचे डाग पुसून परत ठेवला. तिसरा, बाजूच्या बटणाचा. अंगठ्याने पाच. डाव्या अनामिकेने आठ. आणि मुख्य म्हणजे बटण हाताला लागतं. स्क्रीनमधल्या सेन्सरची जागा बघून बोट ठेवावं लागतं, बटण मी तव्याकडे बघत बघत चाचपू शकते. हे इथे कुणीच सांगितलं नाही, मलाही दुकानात जाईपर्यंत कळलं नव्हतं.

तर ए २६ घेतला. तुम्ही सगळे नको म्हणालात तोच. पलासियावाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे फार ओल्या बोटाने रुसतो, पण फडक्यावर एकदा टेकवलं की उघडतो. जुनं कार्ड बसलं, सगळे फोटो दिसले, २०१९ च्या गुळपोळ्यासुद्धा. आवाजाच्या बटणाने फोन उचलते, कोपराने. पहिल्या दिवशी नणंदेचा फोन कोपराने उचलला आणि बोलताना कट करायचं विसरले, तिने आमची पाच मिनिटं ऐकली. असो.

एक तक्रार. पोळीचा फोटो जरा जास्तच पिवळा येतो, जणू हळद टाकलीय. पण पुरण गुळाचं असेल तर बरा दिसतो.

बडोदेकरीण
अनामिकेचं श्रेय माझं. होळीला एक तुरीच्या डाळीची करून बघा.

देवासचा_दीपक
करू नका.

दुकान_बंद_केलेला
सेन्सर बाजूला असलेला चांगला हे मीच म्हणत होतो, नीट वाचा.

टेक_भिया
ताई, थोडं थांबायला हवं होतं. एस २६ येऊन राहिला आहे.

पेन्शनर_काका_टिळकनगर
अभिनंदन. होळीच्या दहा पोळ्या माझ्या लिहून ठेवाव्यात, साखरेच्या नको, गुळाच्या.

मार्चची_वाट
ताई, जुना फोन विकणार का? दहातून सहा वेळा उघडत असेल तर मला मार्चपर्यंत पुरेल.